अक्का, पट्टी कोणती?

ग्रुपमधल्या बायका अजून विचारतात, "लाइव्ह बँडवर गायलीस ना तू? काय मजा आली असेल!" मला चीडच येते. मजा? यांना काय सांगू?

आमचा ग्रुप हौशी गायकांचा. दर रविवारी मी सावद्याहून एसटीने जळगावला जायचे. तिथे एका हॉलमध्ये आम्ही कराओके ट्रॅक लावून जुनी गाणी म्हणायचो. पडद्यावर शब्द येतात, त्यांचा रंग बदलला की आपण तोंड उघडायचं. बाकीचा आठवडा केळीच्या बागेवरच्या मजुरांचा चहा आणि सासूबाईंची औषधं यांतच जायचा. त्या एका दिवसावर मी जगत होते, खोटं नाही सांगत.

मग गळ्याला गाठ निघाली. जळगावचे डॉक्टर म्हणाले, थायरॉईडची आहे, काढावी लागेल. आवाजाची नस तिथूनच जाते, काळजी घेऊ, पण खात्री देता येत नाही. परत येताना आमचे हे म्हणाले, "जीव महत्त्वाचा. गाणं काय घेऊन बसलीस!" बरोबरच होतं त्यांचं. मी खिडकीकडे तोंड करून भुसावळ येईपर्यंत रडले.

नेमका ऑपरेशनच्या आधी ग्रुपचा वार्षिक कार्यक्रम होता, आणि यंदा ट्रॅक नव्हता. खरा बँड येणार होता, लग्नांत वाजवणारी, अहिराणी बोलणारी धुळ्याची मंडळी. माझं नाव समूहगीतात, मागच्या रांगेत. ग्रुप चालवणाऱ्या नानांच्या घरी जाऊन मी अक्षरशः हात जोडले. "नाना, मला एकटीला एक गाणं द्या. पुन्हा कधी मागणार नाही." गाठीचं मात्र सांगितलं नाही. कीव करून दिलेलं गाणं मला नको होतं. नानांनी कुरकुरत दिलं.

सरावाला की-बोर्डवाल्या भाऊंनी पहिलाच प्रश्न केला, "अक्का, पट्टी कोणती शे?"

मी ऐटीत सांगितलं, "ओरिजिनल."

ढोलकीवाला खो खो हसला. माझ्या आधीच्या सगळ्यांनी हेच सांगितलं होतं म्हणे. आपला आवाज ज्या सुरावर नीट बसतो ती आपली पट्टी. इतकी वर्षं गाऊन आमच्यातल्या एकालाही स्वतःची ठाऊक नव्हती, कारण ट्रॅक कधी विचारत नाही. भाऊंनी मला 'आ' करायला लावला, एकेक सूर दाबून पाहिला आणि म्हणाले, "काळी चार. ध्यानमा ठेवा." म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी. मला इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत मी तेच पुटपुटत होते.

कार्यक्रमात मुखडा बरा गेला. मग मधलं संगीत वाजलं, संपलं, आणि मी नुसती उभी. शब्दांचा रंग बदलायची वाट पाहत होते. समोर पडदा नव्हता, माणसं बसली होती. माझा आवाज थोड्या दिवसांचा सोबती, आणि मी तो गिळून उभी होते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नव्हती, अंगण चांगलं सरळ होतं.

ट्रॅक असता तर पुढे निघून गेला असता. भाऊंनी तेच संगीत पुन्हा फिरवलं. मी पुन्हा चुकले. त्यांनी परत फिरवलं आणि वाजवता वाजवता म्हणाले, "घाबरू नका, अक्का. आम्ही बठ्ठा तुमना मांगे शेतस." सगळे माझ्या मागे होते. मग त्यांनी मान हलवली आणि मी अंतऱ्यात शिरले. कशी गायले ते आठवत नाही. मी श्वास घ्यायला थांबले की ढोलकी थांबत होती, एवढं आठवतं. खाली उतरून मी हुंदके देऊन रडले. लोकांना वाटलं, आनंदाने.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आणि आवाज गेला. कुजबुज तेवढी उरली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. बागेतली पुढची केळी कापून झाली तरी तो आला नाही. आवाज होता तेव्हा पट्टी माहीत नव्हती. दात आहेत तर चणे नाहीत, ते असं.

परवा शेजारच्या हळदीला दुपारी गेले, तर मांडवात तेच भाऊ वायरी जोडत होते. "अक्का, म्हना एखादं!" मी गळ्यावरचा व्रण दाखवला. "आवाज गेला, भाऊ."

ते अरेरे म्हणतील म्हणून मी मन घट्ट केलं होतं. ते की-बोर्ड चालू करत म्हणाले, "आते पट्टी कोणती शे?"

आताची पट्टी! मी आ केला. काळी चारवर नुसती हवा. तीनवरही हवा. ते एकेक सूर खाली येत पार पुरुषांच्या पट्टीपर्यंत उतरले. मी कुठेच नव्हते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात त्यांनी माझ्या गाण्यातलं ते मधलं संगीत सुरू केलं. संपलं, पुन्हा फिरवलं. हळदीच्या बायका जमायला लागल्या तरी ते माझ्याकडे बघत वाजवतच राहिले.

शब्द पाठ होते. जागा ठाऊक होती. भाऊंनी मान हलवली आणि या खेपेला मी अगदी बरोबर जागेवर शिरले. फक्त आवाज आला नाही.