मारुतीची खोळ

नको तिथं नाक खुपसायची खोड मला जन्माचीच. कुपवाडला माझं लेथचं लहानसं वर्कशॉप आहे, दगडधोंड्यांशी संबंध शून्य. एकदा जुनी शिल्पं वाचवणाऱ्या एका संस्थेच्या ताई लाकडी पट्ट्यांना मुठी बसवून घ्यायला आल्या. हे कशाला हो, असं मी विचारलं. दगडावरचा जुना शेंदूर सोडवायला, त्या म्हणाल्या, आणि तिथंच फसलो. तेव्हापासून माझे रविवार गेले. बायको म्हणते, घरातली जळमटं निघंनात आणि हे निघाले जगाचे दगड पुसायला!

जगात ठिकठिकाणी अशीच साधी माणसं रजा टाकून, पदरमोड करून असे दगड जपतात, असं ताई सांगायच्या. कुणी वाळवंटात, कुणी समुद्राकाठी. त्यांनाही घरी अशीच बोलणी बसत असतील का, हा माझा पहिला प्रश्न. ताई हसल्या, म्हणजे बसत असणारच.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पलूसच्या बाजूच्या एका गावात गेलो. वेशीवर शेंदरानं थापलेला कमरेएवढा दगड उभा होता. गावाच्या लेखी तो मारुती. शेंदूर दिसला की मारुती, आमच्याकडं हिशोब सोपा. दर शनिवारी त्याला तेल घालणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांचा एकुलता मुलगा फौजेत, सीमेवर. हा मारुती पाठीशी आहे म्हणून पोरगं सुखरूप आहे, यावर त्यांचा पक्का भरवसा. पण पावसाळ्यात शेंदराच्या थराला तडे गेले होते आणि फटीतून कोरीवकाम डोकावत होतं. मला तर कधी एकदा आतलं बघतो असं झालेलं.

मावशी हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही, असं ताईंनी बजावलं. मी म्हटलं, संपलं, आता चहा पिऊन परत. पण मावशींनी दगडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, देव आपणहून शेंदराची खोळ टाकतोय तर आडवी येणारी मी कोण. खोळ तेवढी कृष्णेत सोडा.

हळूहळू थर सुटला. आत मारुती नव्हताच. खाली गुरं, तलवारी, आणि आडवा पडलेला एक गडी. मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तोच गडी महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला. वीरगळ! मी हरखून ओरडलोच, आणि मावशींचं तोंड बघून जीभ चावली. मग ताईंनी मावशींना हे काय आहे ते सांगितलं. गावची गुरं सोडवताना मेलेल्या शिपायाचा हा दगड.

म्हणजे पोराच्या जिवासाठी त्या इतकी वर्षं लढाईत मेलेल्या पोरापुढं हात जोडत होत्या. कशाला उकरलं हे, असं वाटून गेलं.

मावशी खाली बसल्या. कोरलेल्या प्रत्येक माणसावरून त्यांनी बोट फिरवलं.

"ह्यात ह्येची आई कुठं हाय?"

आई कोरायची पद्धत नव्हती, ताई हळूच म्हणाल्या. मावशींनी डोळे पुसले. आता या दगडाला तेल चालणार नाही, हे ताईंचं त्यांनी ऐकून घेतलं. साधं पाणी चालेल का, एवढंच विचारलं. चालेल म्हटल्यावर त्या घरी गेल्या.

सुट्टीवर आलेल्या फौजी पोराला आमच्याकडं उंबऱ्याबाहेर थांबवतात. भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात, मगच आत घेतात. मावशी तांब्या आणि भाकरी घेऊनच परत आल्या. दगडावरून तुकडा ओवाळून त्यांनी लांब टाकला आणि पायथ्याशी पाणी ओतलं.

"लय दिस भाईर उभा हायस रं," त्या दगडाला म्हणाल्या. "चल घरात."