रीमच्या वडिलांची विहीर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. चर्चमध्ये फादरांपुढे गुडघे टेकून वर्षानुवर्षं किरकोळ पापं वाचून दाखवली — वाणसामानाच्या यादीसारखी — आणि ही एक ओळ दर वेळी गाळली. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

नोकरीसाठी जर्मनीला होते तेव्हा संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जायचे. आम्ही अकराजण. कोणी ब्राझीलचा, कोणी व्हिएतनामची. सगळे शिकलेसवरलेले, आणि सगळे ‘मला सफरचंद आवडतं’ म्हणणारे. माणसाचा तोरा उतरवायला याहून सोपा उपाय मी पाहिलेला नाही. माझ्या शेजारी रीम बसायची. सीरियाची, पन्नाशीची, शिवणकाम करणारी. वर्गात तोंड उघडायची नाही. माझ्याशी मात्र बोलायची — मोडक्या जर्मनमध्ये, हातांनी, आणि शब्द संपले की वहीत चित्र काढून.

वर्ग संपताना प्रत्येकाने ‘माझं घर’ लिहून सर्वांसमोर वाचायचं होतं. रीम तीन आठवडे तयारी करत होती. वडिलांच्या अंगणातली विहीर, दोराने झिजलेला दगड, डाळिंबाचं झाड. पहिली बादली वडील झाडाला घालायचे, मग माणसांना. ते तिकडेच राहिले होते. तिने चित्रं काढली, मी शब्द शोधून दिले. वर्गात ती पहिल्यांदाच उभी राहून बोलणार होती.

आणि माझ्याकडे काय नव्हतं? आमच्या गावी, गासला, आमची वाडी होती, केळी होत्या, विहीरही होती. मी बारा वर्षांची असताना पप्पांनी वाडी विकली आणि आम्ही नायगावला नवव्या मजल्यावर आलो. वाडीत मी कधी एक बादली ओढली नव्हती. लिहायला बसले तर — लिफ्ट आठवली.

वाचायला माझा नंबर तिच्या आधी होता. मी उभी राहिले आणि तिची विहीर वाचली. झाड तेवढं चिकूचं केलं. दगड, दोर, पहिली बादली — सगळं तसंच. वडील माझे. शिकवणाऱ्या बाईंचे डोळे भरून आले. किती प्रांजळ, म्हणाल्या. टाळ्या झाल्या. सत्कार-समारंभांना आयुष्यभर हसत आलेली मी — मला त्या टाळ्या आवडल्या.

रीमने वही मिटली. लिहायला जमलं नाही, असं तिने बाईंना सांगितलं.

बाहेर कोट चढवताना ती हळूच मला म्हणाली, “विहीर डावीकडे आहे. तू उजवीकडे सांगितलीस.”

रागाने नाही. तिचे शब्द चुकले की मी सांगायचे ना, त्याच सुरात. यावर मी काय बोलले असेन? बस येईल, म्हणाले.

परत आले त्याला सहा वर्षं झाली. गासला कोणाकडे गेले की आमच्या वाडीच्या जागेवरून जाते. आमची विहीर डोळ्यांपुढे येतच नाही, रीमची येते. पप्पा आता नाहीत. तेही मला डाळिंबापाशी बादली घेऊन उभे दिसतात, आणि डाळिंब आमच्याकडे नव्हतंच. कधी वाटतं, रीम शेजारी बसावी, वही पुढे ओढावी, आणि आमची वाडी कशी होती ते मला विचारावं — मी काय काढून दाखवणार होते?

दर नाताळला तिचा मेसेज येतो. जर्मन आता ती माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. मी त्याच दिवशी उत्तर देते. तिच्या वडिलांबद्दल विचारत नाही.