शेळी शोधायला गेलेल्या मुलीचं शेवटचं पान

आमच्या वडिलांना रशियन पुस्तकांची फार पारख होती. नाशकात प्रदर्शन लागलं की ते पुस्तक उघडायचे, पान दोन बोटांत चोळून बघायचे आणि म्हणायचे, "वा! पाण्याला दाद देणार नाही." आत काय लिहिलंय ते बघण्याचा अडाणीपणा त्यांनी कधी केला नाही. जूनमध्ये त्या जाड, गुळगुळीत पानांची आमच्या वह्यांना कव्हरं चढायची. आमची अख्खी कॉलनीच अशी सुसंस्कृत होती.

मी सहावीत गेले, तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. त्या वर्षी त्यांनी मुलांसाठी मराठीत आलेली एक भलीमोठी कादंबरी फाडली. हरवलेली शेळी शोधत एक मुलगी बर्फाच्या जंगलात शिरते. तिथे कोंबडीच्या पायांवर चालणारी झोपडी असते, आणि झोपडीतली चेटकीण मुलीला आपली विद्या शिकवायला ठेवून घेते. मी ही कादंबरी भूगोलाच्या वहीवर सुरू केली, गणितावर पुढे नेली, आणि धाकट्या भावाच्या शुद्धलेखनावर चेटकिणीपर्यंत पोचले. मुलगी सुटते की नाही, ते मात्र ताईच्या इंग्रजीच्या वहीवर होतं.

ताई म्हणजे माझी आतेबहीण. दहावीसाठी सटाण्याहून आमच्याकडे आलेली, वर्गात पहिली येणारी. मळेल म्हणून ती वहीला हात लावू द्यायची नाही. दिवाळीत तिचं लग्न ठरलं, आणि दहावी अर्ध्यावर सोडून, वह्या ट्रंकेत भरून ती गेली. स्थळ वडिलांनीच आणलं होतं, सटाण्यातलंच. तेही त्यांनी असंच वरून चोळून पाहिलं असावं.

मे महिन्यात मी हट्टाने तिच्या सासरी गेले. दारातच तिच्या सासूने विचारलं, "कोन शे?" ताई मागच्या अंगणात कांदे निवडत होती. मी बसायच्या आतच शेवटचं पान मागितलं.

"वह्या चुलीत गेल्या," ती म्हणाली. "पण मला पाठ आहे. शेळी सापडते. मुलगी घरी जाते. आई जेवायला वाढते."

"एवढंच?" मी नाक मुरडलं.

"एवढंच," ती म्हणाली आणि पुढचा कांदा उचलला.

परतीच्या एसटीत मी ठरवून टाकलं, की रशियन लेखकही आमच्या कॉलनीतल्यासारखेच ठोंबे असतात.

दहा-एक वर्षांनी मेनरोडला जुन्या पुस्तकांच्या ढिगात तीच कादंबरी मिळाली. मी उभ्या उभ्या शेवटचं पान काढलं. चेटकीण दार उघडून म्हणते, जा. मुलगी शेळीला घराच्या वाटेला लावते आणि स्वतः मागे फिरते. अजून शिकायचं राहिलंय, म्हणते.

मला माझीच किळस आली. ताईला ते पान खरंच पाठ होतं. ती कशाला विसरतेय? आणि मी तिच्यासमोर नाक मुरडून आले होते.