शॅरनने न घेतलेला चहा

आमच्या सावेडीच्या गल्लीत महिनाभर एकच बातमी होती: शेजारची शॅरन पंचायत समितीला उभी राहणार. पुरावा भक्कम. बाई सारखी पाथर्डीच्या बाजूला एका गावात जाते, दोन्ही गटांच्या ओट्यांवर बसते, हात जोडते, चहा पिते आणि संध्याकाळी उतरलेल्या चेहऱ्याने परत येते. मतदार यादीत तिचं नाव इथे शहरात, सावेडीतच आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बातमी पसरवण्यात माझाही हात होता, खोटं कशाला बोलू? शेवटी कुंपणावरून तिलाच विचारलं.

"उभी कसली राहते काका, बसायला मिळालं तरी खूप झालं," ती म्हणाली.

शॅरन एका संस्थेत प्रकल्प समन्वयक आहे. म्हणजे भांडण कुणाचंही असो, बोलणी दोन्हीकडची हिने खायची.

तिसगावच्या पुढच्या त्या गावात दूध थंड ठेवायची टाकी बसवायची होती. उन्हाळ्यात तिथल्या बायांचं दूध तिसगावला पोचेपर्यंत नासतं. टाकीला जागा वरच्या आळीतल्या कारभारींची, पाणी खालच्या आळीतल्या आबासाहेबांच्या विहिरीचं. सरपंचाच्या निवडणुकीपासून दोघं एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत. महिनाअखेरपर्यंत दोघांच्या सह्या झाल्या नाहीत, तर टाकी दुसऱ्या गावाला जाणार.

जुळत आलं होतं. तेवढ्यात शॅरनला पित्त झालं. सकाळी आबासाहेबांकडे चहा झाला होता. दुपारी कारभारींकडे ती म्हणाली, "मला नुसतं पाणी द्या." झालं! कारभारींनी सहीच्या कागदाची घडी करून तिच्याच हातात ठेवली. "आबाच्या घरचा च्या ग्वाड लागतो, आन् आमच्याकडं नुस्तं पानी व्हय?"

तिच्या ऑफिसात तांत्रिक विभागाचे अनीशसाहेब म्हणाले, जागाच बदला. प्रशासनाचे विष्णुपंत म्हणाले, कडक पत्र पाठवा. दोघांनीही वर बजावलं, "हे तिकडे सांगू नका." तिकडे म्हणजे दोन विभागांमधल्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडे.

तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि केलं कुणाचंच नाही. शेवटच्या शनिवारी एसटीने गेली आणि कारभारींच्या ओट्यावर जाऊन बसली.

"भाऊ, त्या दिवशी पित्त झालं होतं."

"पित्ताला बी आमचंच दार घावलं?"

कारभारींच्या बायकोने, लंकाबाईंनी, कप भरून पुढे ठेवला. शॅरनने तो प्यायला. दुसराही प्यायला. तेव्हा कारभारी म्हणाले, "सही करतो. पर आबाला हितं येऊन च्या घ्यावा लागंल."

ती उन्हात खालच्या आळीला गेली. आबासाहेब म्हणाले, "येतो, पर पानी बी पिनार न्हाई." तसे ते आले आणि ओट्याच्या कडेला बूड टेकवून पाहुण्यासारखे बसले. मग लंकाबाईच कडाडल्या, "तुमा दोघांच्या रुसव्यापायी बायांनी आजून किती उन्हाळं किटल्या वाहायच्या वो?"

आबासाहेबांनी कप उचलला. सह्या झाल्या.

रविवारी शॅरन चर्चमधून आली आणि पायरीवरच बसली. चपला काढण्याचंही त्राण नव्हतं. मी चेष्टा करायच्या तयारीनेच कुंपणापाशी गेलो होतो, पण तिचं तोंड बघून कुंपणावरची वेलच सारखी करत राहिलो. तेवढ्यात विष्णुपंतांचा फोन आला आणि तिने तो स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला. आता आवाजच एवढा मोठा, मी काय कानात बोळे घालू?

सह्यांच्या कागदाचा फोटो तिने दोन्ही साहेबांना एकाच वेळी पाठवला होता. तरी विष्णुपंतांचा पहिला प्रश्न, "अनीशना आधी कळवलंत का?"

"नाही सर."

"बरं. आता आमच्या दोन विभागांची एक बैठक लावा. पण त्यांच्या केबिनमध्ये नको. ते माझ्याकडे येतात का, तेवढं तुम्ही बघा."

शॅरनने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं आणि अगदी सावकाश म्हणाली, "सर, गावातल्या त्या दोघांना एका ओट्यावर आणायला मला पाच महिने लागले, आणि त्यांचं तरी दूध नासत होतं. तुमचं दोघांचं काहीच नासत नाही, मग तुम्ही कशाला एकत्र बसाल?"