बैलाच्या गळ्यातला समुद्र

मी आणि माझी मोठी बहीण एकाच चपलेवर शिकलो. ती सकाळच्या शाळेत, मी दुपारच्या. वेशीजवळ भेटायचं आणि चप्पल बदलायची. हदगावजवळच्या आमच्या गावात बाची तीन एकर कोरडवाहू आणि एक बैलजोडी. माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची. तरी बानं मला नांदेडला शिल्पकलेला घातलं, आणि पोरगी पदवी घेणार हे गावभर सांगून टाकलं. आता माघार नव्हती.

कॉलेजची सहल कोकणात गेली तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला. बाकीचे फोटो काढत होते, मी पोतं भरत होते. शंख, शिंपले, लाटांनी गुळगुळीत केलेली लाकडं, कोळ्यांचं जाळं तरंगत ठेवणारा एक लाल गोळा. माझं पदवीचं शिल्प यातूनच होणार, असं सरांना सांगूनही बसले. होस्टेलवर पोत्याचा वास मैत्रिणींना सोसेना, म्हणून ते गावी नेऊन ठेवलं. शेवटच्या वर्षी पोळ्यानंतर आठ दिवसांत मातीचा नमुना दाखवायचा होता. तो नापसंत झाला तर वर्ष गेलंच.

पोळ्याला गावी पोचले तर पोतं रिकामं, नीट घडी घातलेलं. मायला विचारलं. लाकडं म्हणे लई चांगली जळली, पुरण त्याच्यावरच शिजलं. आणि शंख? तिनं गोठ्याकडं बोट केलं.

बानं एकेका शंखा-शिंपल्याला खिळ्यानं भोक पाडून माळ ओवली होती आणि थोरल्या बैलाच्या गळ्यात घातली होती. आमच्याकडं पोळ्याला बैलाच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. त्याला वाटलं, लेकीनं त्यासाठीच आणलं. लाल गोळा शिंगाला बांधला होता.

"एवढ्या लांबून आणलंस बैलासाठी," बा म्हणाला. "म्या एकबी वाया जाऊ दिलं न्हाई."

रडायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. मिरवणुकीत बैल छाती काढून खळखळ वाजत चालला. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं बाला विचारलं, "काय रं, बैलाची सासरवाडी कोकणात हाय का?" मी हसून हसून रस्त्यातच खाली बसले. खालून वर बघितलं, तर मोठा शंख सरकून डावीकडं कललेल्या वशिंडाला टेकलेला. दोन्हींचं वळण एकच! बैलांना घास भरवायचं सोडून मी मायकडं माती मागायला पळाले.

पूजेचे मातीचे बैल करताना माय मातीत कापूस कुटून घालते, म्हणजे तडा जात नाही. तीच माती घेऊन मी बसले. वशिंड करायला घेतलं, त्याचा शंख झाला. शंखाच्या कडेतून शिंगं निघाली. मधेच हसत होते, जेवायचंही विसरले. आठ दिवसांनी वर्गातल्या कितीतरी नमुन्यांना भेगा होत्या, माझ्या नमुन्याला एकही नाही. सरांनी दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, हाच मोठा करा.

वर्षाअखेरीच्या प्रदर्शनाला बा नवं धोतर नेसून आला. माणसाएवढ्या त्या शिल्पाकडं बराच वेळ बघत राहिला.

"वशिंड डावीकडं कललंय," तो म्हणाला. "आपलाच हाय."

मी पहिल्या श्रेणीत पास झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली.