उस्तादांची क्रीज

पाकिस्तानच्या कसोटी गोलंदाजाचे तीन चेंडू मी सलग खेळून काढलेत. म्हणजे बॅट मी फिरवली, चेंडूंनी आपला आपला रस्ता धरला. दम्मामला आमच्या कंपनीच्या टीमचे ते कोच, उस्ताद. चार कोकणी एकत्र जमले की त्यांचा विषय निघतो, आणि बिर्याणी थंड होते.

उस्ताद एकच कसोटी खेळले. बाकी सगळं करियर बारावा खेळाडू.

मी छेडलं, "उस्ताद, टेस्टमध्ये केलंत तरी काय?"

"मियाँ, पानी पिलाया. जितना मैंने पिलाया, उतना तुम्हारी कंपनी के टँकर ने नहीं."

* * *

कुवेतचं युद्ध पेटलं. स्कड क्षेपणास्त्रांच्या भीतीने सगळ्यांना गॅस मास्क मिळाले. उस्तादांनी मास्क लावूनच आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. आमचा रत्नागिरीचा हमीद धापा टाकत म्हणाला, "सद्दामच्या आधी हा माणूस मारील आपल्याला."

* * *

मला तोंडाने हुबेहूब सायरन काढता येतो. एकदा नेटमध्ये काढला. सगळे शेल्टरकडे. शेल्टर म्हणजे फटींना टेप लावलेली पोर्टा केबिन. उस्ताद मात्र बॅट टेकवून जागच्या जागी.

"पळाला नाहीत?"

"क्रीज छोडने का एक ही रास्ता है मियाँ, अंपायर की उंगली."

* * *

फायनलच्या आधी कफीलने, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही सगळे होतो त्या अरब मालकाने, सांगून टाकलं, कप आला नाही तर उस्ताद कराचीला, खलास.

हमीद समजूत घालायला गेला, "विमानं बंद आहेत उस्ताद, धाडतील कसे?"

"ट्रक से," उस्ताद म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

* * *

फायनलला शेवटची जोडी उरली. मी आणि स्वतः उस्ताद, वय पन्नाशीपार. जिंकायला दोन रन. मी बॅट फिरवली, चेंडू कीपरकडे गेला, आणि सायरन झाला. खरा. मी बॅट टाकून शेल्टरमध्ये. माझ्या मागोमाग अंपायर पाटणकर, पुण्याचे इंजिनियर.

कीपरने शांतपणे बेल्स उडवल्या, मास्क चढवला, केबिनमध्ये आला आणि अपील केलं. पाटणकर म्हणाले, "मी डेड बॉल दिला नव्हता." आणि मास्क न काढताच बोट वर.

सायरन थांबल्यावर उस्ताद आले. तोवर ते आपल्या क्रीजमध्येच उभे होते. निकाल त्यांना पाटणकरांनीच सांगितला. उस्ताद खाली बसून पॅड सोडायला लागले.

मी म्हटलं, "जीव वाचवला हो उस्ताद. तिथे उभा राहिलो असतो आणि स्कड पडला असता तर?"

"तो क्या मियाँ," उस्ताद म्हणाले, "नॉट आउट जाते."