सेबेस्टियनने पाठ केलेला देश

पाचूबंदरचा सेबेस्टियन परत आला त्या सकाळी जेटीवरचा मासळीचा लिलाव मध्येच थांबला, असं सांगतात. मी तेव्हा शाळेत तिसरीच्या वह्या तपासत होते, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण तिथल्या बायका दरावरून एकदा हुज्जत घालायला लागल्या की देवाने हाक मारली तरी मान वळवत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या सगळ्या टोपल्या तिथेच टाकून रस्त्यावर आल्या आणि त्याला धरून रडल्या. याच बायका पुढे कशा वागल्या तेही सांगणार आहे. मी कुणाची भीड ठेवत नाही.

मी विनिता. मूळची कराडकडची, लग्न करून वसईला आले आणि कोळीवाड्याजवळच्या आमच्या मराठी शाळेत बाई झाले. सेबेस्टियन याच शाळेत दुसरीपर्यंत शिकला. मग बापाने त्याला होडीवर नेलं आणि शाळेचा विषय संपला. पुढे घरची होडी विकावी लागली तेव्हा तो गुजरातच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला. तिथे एकदा इंजिन बंद पडलं, प्रवाहाने बोट ओढली आणि पलीकडच्या गस्तीने सगळ्यांना धरून नेलं. मी इतकी वर्षं पोरांना नकाशावर हद्दीची ती रेघ दाखवत आले, पण पाण्यात ती कशी ओळखायची हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. सेबेस्टियनला ती ओळखता आली नाही, म्हणून तो पाच-सहा वर्षं कराचीच्या तुरुंगात राहिला.

तो गेला तेव्हा त्याची मुलगी क्रिस्टिना बोबडं बोलत होती. परत आला तेव्हा ती माझ्या वर्गात होती, तिसरीत, पहिल्या बाकावर. गाव रडत होतं तेव्हा ही पोर आईच्या पाठीमागे उभी राहून त्याच्याकडे टकाटका बघत होती. तिची आई रोझलीन, बाजारात मासे विकते, हात आणि तोंड दोन्ही जोरात. पण एक दिवस ती शाळेच्या दारात आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, पोरगी त्याच्या हातचं पानीपन घेत नाय. 'ते' आले, 'ते' जेवले, असंच म्हनते. त्याला काय वाटत असंल?"

सेबेस्टियनला काय वाटत होतं ते गावभर दिसत होतं. सकाळी तो दारात जाळं विणत बसायचा आणि क्रिस्टिना दप्तर घेऊन निघाली की उठून उभा राहायचा. ती मान खाली घालून निघून जायची. तो पुन्हा बसायचा. समुद्रावर जायची त्याला घाई नव्हती. त्याला फक्त एकदा तिच्या तोंडून बाप म्हणून हाक ऐकायची होती.

म्हणून मी पंधरा ऑगस्टला त्याला पाहुणा म्हणून बोलवायचं ठरवलं. आमचे हेडमास्तर केनी सर एरवी पाहुणा म्हटला की नगरसेवकाच्या खाली उतरत नाहीत, पण या वेळी चटकन हो म्हणाले. कार्यक्रमाचं नाव होतं 'ओळख आपल्या देशाची'. एक पोरगा पांढरी चादर पांघरून हिमालय झाला होता आणि उकाड्याने घामाघूम झाला होता. दोन मुली निळ्या ओढण्या हलवत गंगा आणि गोदावरी झाल्या होत्या. पुठ्ठ्याचा लाल किल्ला होता, ताजमहाल होता, आणि सणांच्या रांगेत दिवाळी, ईद, नाताळ आणि बैसाखी एकमेकींना कोपराने ढकलत उभ्या होत्या. शेवटी मुलं पाहुण्यांना सोपे प्रश्न विचारणार, पाहुणे उत्तर देणार आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असं बसवलं होतं. फुलाचा प्रश्न मी मुद्दाम क्रिस्टिनाला दिला होता. निदान त्या निमित्ताने ती बापाशी चार शब्द बोलेल, एवढाच माझा हेतू.

सेबेस्टियन इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. कार्यक्रमाआधी मी त्याला म्हटलं, "मुलं राष्ट्रीय चिन्हं वगैरे विचारतील. घाबरू नका हं." त्याचा चेहरा एकदम उजळला. "मला येते ते सगळं, बाई," तो म्हणाला. "पाठ हाय." मला आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं.

पहिला प्रश्न डेरिकने विचारला. राष्ट्रीय फळ कोणतं? सेबेस्टियन उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "आंबा." टाळ्या पडल्या.

मग क्रिस्टिना माइकपाशी आली. तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "राष्ट्रीय फूल कोणतं?"

"चमेली," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. मला वाटलं गोंधळला बिचारा. पण मुलांकडून मी आठवडाभर घोकून घेतलेलं, ती काय थांबतात. पुढच्याने विचारलं, राष्ट्रीय पक्षी? "चकोर." प्राणी? "मारखोर." झाड? "देवदार." आता हसणं बंद झालं होतं. तो डोळे मिटून, हात जोडून, एका सुरात उत्तरं देत होता आणि एकाही उत्तराला अडखळत नव्हता. मी पडद्याआडून हातवारे करत होते, पण पुढचं पोर माइकपाशी पोचलं सुद्धा. "आपला स्वातंत्र्यदिन कधी असतो?"

"चौदा ऑगस्ट," सेबेस्टियन म्हणाला.

हिमालयसुद्धा चादरीतून डोकं बाहेर काढून बघत होता. सेबेस्टियनने डोळे उघडले. समोर नुकताच फडकवलेला तिरंगा होता. त्याने तो पाहिला आणि दोन्ही हात तोंडावर दाबले.

पालक समितीचा कल्पेश उभा राहिला. नव्या टॉवरमध्ये राहतो, सगळीकडे मोबाइल उगारून असतो, तेव्हाही होताच. "हा माणूस नक्की कुणाचा आहे?" त्याने मोठ्याने विचारलं. "चौदा ऑगस्ट कुणाचा असतो ते माहितीये ना सगळ्यांना? यांना तिकडे काय शिकवून पाठवलंय?"

मी कोळीवाड्याच्या बायकांकडे पाहिलं. जेटीवर गळा काढून रडलेल्या त्या सगळ्या. कुणी पदर नीट करत होती, कुणी पायाकडे बघत होती. आमचा माणूस आहे, असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. रोझलीन मागे भिंतीला धरून उभी होती. केनी सरांनी घाईघाईने राष्ट्रगीत सुरू करून कार्यक्रम उरकला. क्रिस्टिना माइकपाशी तशीच उभी होती, पांढरीफटक. राष्ट्रगीत संपल्यावर एका पोराने तिला विचारलं, "तुझे पप्पा पाकिस्तानचे आहेत का?"

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अख्ख्या वसईच्या मोबाइलमध्ये होता. माझं डोकं नुसतं भणाणलं होतं. मी चप्पल घालून थेट पाचूबंदरला गेले. खरं सांगते, मीही हादरलेच होते. पाठ आहे म्हणाला होता, म्हणजे हा माणूस तिकडचा देश, अगदी तो मारखोर नावाचा डोंगरी बोकडसुद्धा, पाठ करून आला कशासाठी?

सेबेस्टियन आतल्या खोलीत जमिनीवर बसला होता. क्रिस्टिना स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, तिच्या फ्रॉकचं टोक मला दिसत होतं. मी काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला.

"बाई, आत एक म्हातारा मास्तर होता, तिकडचाच, कसल्या तरी गुन्ह्यातला. अडान्यांना बसवून लहान पोरांच्या पुस्तकातून वाचून दाखवायचा. मुल्काचं फूल कुठलं, पक्षी कुठला, मिनार कुठं, सुट्टी कवा. मला वाचता येत नाय. मग मी लितानी करून पाठ केलं."

वसईच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, तिच्या शेवटी लितानी येते. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, पुन्हा म्हणायचं, पुन्हा उत्तर. लहानपणापासूनची सवय ती. झोपेतसुद्धा उत्तर तोंडात येतं. सेबेस्टियन कोठडीत रोज संध्याकाळी रोझरी म्हणायचा आणि तिच्या मागोमाग हे. प्रश्नही तोच विचारायचा, उत्तरही तोच द्यायचा.

"पण कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच. "त्यांचं फूल तुम्हाला कशाला हवं होतं?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. "पोरगी शाळंत जायला लागली असंल म्हटलं. शाळंत हेच इचारतात ना? घरी आलो नि तिनं धडा पुढं केला, तर बापाला काय तरी यायला नको? मी तिला मोठी होताना पायलं नाय, बाई. निदान तिचा अभ्यास तरी घ्यावा म्हटलं."

तो पुढे म्हणाला, "झेंडा त्यांचा येगळा, ते ठाऊक होतं मला. पन फुलालापन देश असतोय, पाखरालापन असतोय, हे कवा कोनी सांगितलंच नाय. फूल म्हंजे फूल, असं वाटलं. तारीख तर तोंडातून कशी गेली, देवाला माहीत. पोरं म्हनत गेली नि मी उत्तर देत गेलो."

राष्ट्रीय चिन्हांचा धडा मी तिसरीला घेते. हा दुसरीतून होडीवर गेला. एवढी साधी गोष्ट, आणि ती माझ्या डोक्यात तेव्हा शिरली. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मला रडू आलं. रोझलीनने पाणी आणून दिलं. दाराआडचं फ्रॉकचं टोक हललं नाही. सेबेस्टियन त्या दिशेला बघून हळूच म्हणाला, "तिला सगळी हसली असतील. माझ्यापाई." मग त्याने मान खाली घातली ती मी निघेपर्यंत वर केली नाही. क्रिस्टिना काही बाहेर आली नाही. बाप लेकीला कायमचा मुकला, असंच मला वाटलं.

सोमवारी कल्पेश ऑफिसात हजर. सोबत आणखी दोघे. त्याचं म्हणणं, पोलिसांत कळवा, आणि अशा माणसाच्या हाताखाली पोरगी काय शिकतेय याची शाळेने आधी चौकशी करावी. मी सेबेस्टियनने सांगितलेलं सगळं सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. कल्पेश म्हणाला, "बाई, तुम्ही फार भोळ्या आहात." मला भोळी म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी खुर्चीवरून उठलेच होते, तेवढ्यात केनी सरांनी घाबरून शिपायाला क्रिस्टिनाला आणायला पाठवलं. मला ते मुळीच पटलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला चार मोठ्या माणसांसमोर उभं करायचं म्हणजे काय?

ती आली. वेण्या घट्ट, हात मागे बांधलेले. कल्पेश वाकून गोड आवाजात म्हणाला, "बाळा, घाबरू नकोस. तुझे वडील तुला घरी काय काय शिकवतात, ते सांग बघू आम्हाला."

"पप्पा मला नाय शिकवत," ती म्हणाली.

पप्पा. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"मीच पप्पांना शिकवते," ती म्हणाली. "शनिवारी बाई घरी येऊन गेल्या ना, मग रात्री कमळ घेतलं. काल मोर घेतला. पप्पा चुकले, मग परत घेतला. आज वाघ घेणार आहे."

केनी सर चष्मा पुसायला लागले. कल्पेशचा मोबाइल हातात तसाच होता आणि त्याला तो खिशात घालायचं सुचत नव्हतं. तिने माझ्याकडे मान वळवली.

"बाई, मी जाऊ का? मधली सुट्टी संपेल. पप्पा डबा घेऊन गेटवर थांबलेत."